हद्दीवरचा खो

"मॅडम, आजच्या दिवस तुमच्या माणसांवर मुकादमगिरी मी केली तर चालेल का?"

मी एका दमात विचारून टाकलं आणि हळूच पाण्याच्या टाकीकडे बघितलं. टाकीमागे आमचा अख्खा खो-खोचा संघ ओणवा होऊन बसला होता. तनुजानं हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबली होती. पैज तिनंच लावली होती. मोजणीवाल्या मॅडमना हे विचारायचं, 'मुकादमगिरी' ह्या शब्दासकट, आणि नाही विचारलं तर वर्षभर सगळ्या संघाच्या नी-कॅप धुवायच्या. ही नववीतली गोष्ट. आता मी बारावीत आहे आणि पुष्कळच शहाणी झालेय, पण त्या नी-कॅपांचा वास आठवला की अजूनही वाटतं, विचारलं तेच बरं केलं.

मॅडम हसल्या नाहीत. डोक्यावरची टोपी सरळ करून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि दाराच्या फटीतून वारा यावा तसा नुसता फुसफुस आवाज आला.

"नाव?"

"वैजयंता बाजीराव घोलप. वैजू म्हणतात."

"त्या बाभळीपर्यंत आवाज जाईल तुझा?"

बाभळ होती मैदानाच्या पार पलीकडे, ओढ्याच्या अंगाला. मी पोटात हवा भरली आणि म्हटलं, "ओ बाभळ."

बाभळीखाली शेंगा खात असलेली शेळी दावं तोडून पळाली. मैदानाच्या पार कडेला असलेल्या आमच्या घरातून आईचा आवाज आला, "काय गं? जेवायला अजून वेळ हाय."

"चालेल," मॅडम फुसफुसल्या. "ये इकडं."

टाकीमागचं हसू एकदम बंद झालं. तनुजाच्या तोंडातली ओढणी खाली पडली.

झालं होतं असं, की इंगवले मॅडमचा घसा बसला होता. तालुक्याच्या मोजणी ऑफिसातून त्या आदल्या दिवशी आमच्या गावात आल्या होत्या, बरोबर दोन माणसं घेऊन. एक गेनूकाका, त्यांच्या हातात उंच काठी आणि काठीच्या टोकाला गोल आरसा. त्याला ते लोक प्रिझम म्हणतात. दुसरे रंगाकाका, त्यांच्याकडे पहार, हातोडा आणि खुंट्या. मॅडम तिपाईवरच्या पिवळ्या मशीनमधून त्या आरशाकडे बघणार, आरसा नेमका कुठं आहे ते मशीन सांगणार, मग मॅडम सांगणार "डावीकडं, उजवीकडं, मागं", आणि जागा बरोबर जुळली की रंगाकाका खुंटी ठोकणार. एवढंच काम. पण 'मॅडम सांगणार' इथंच सगळं अडलं होतं. त्यांच्याकडचे वॉकीटॉकी दोन, त्यातला एक आदल्या दिवशी विहिरीत वाकून बघताना गेनूकाकांच्या खिशातून आत गेला. राहिलेला एक एकटाच काय बोलणार? गावात मोबाईलला रेंज यायची ती फक्त टाकीवर चढल्यावर. म्हणून मग मॅडमनी हाताच्या खुणा करून बघितल्या. तेवढ्यात त्यांच्या तोंडाभोवती चिलटं आली. मॅडम चिलटं हाकलत होत्या आणि गेनूकाका ती खूण समजून मागं मागं चालत ओढा ओलांडून थेट शेजारच्या गावच्या शिवारात पोचले. त्यांना परत आणायला मोटारसायकल पाठवावी लागली.

आणि माझा आवाज म्हणजे आमच्या घरातलं जुनं दुखणं. आई दिवसातून चाळीस वेळा "हळू बोल" म्हणायची. "सासरी दुसऱ्या दिवशी परत पाठवतील तुला." वर्गशिक्षिकांनी मला शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसवून बघितलं, तर पलीकडच्या वर्गातून तक्रार आली. त्यामुळे कुणीतरी मोठ्या हुद्द्याची बाई मला समोर उभं करून "अजून मोठ्यानं" म्हणतेय, हे सुख मला पहिल्यांदाच मिळत होतं. ते मला किती झेपलं ते पुढे कळेलच.

मोजणी कशासाठी, तेही सांगायला हवं. आमच्या शाळेच्या मैदानाच्या पश्चिमेला हणमंतनानांची पिठाची गिरणी, पूर्वेला आमच्या घराची मागची बाजू. ह्या दोघांच्या मधे आमचे खो-खोचे दोन खांब. खांबाला वळसा घालून सुटायला पलीकडे मोकळी जागा लागते, ती आमच्याकडे नव्हतीच. पश्चिमेला सुटलं की गिरणीच्या पत्र्यावर आपटायचं आणि पूर्वेला सुटलं की आमच्या न्हाणीच्या भिंतीवर. माझा पुढचा एक दात अर्धा आहे, तो त्या पत्र्याचा प्रताप. त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धा आमच्या गावात घ्यायचं चाललं होतं. खेळाचे सर येऊन टेप लावून गेले आणि म्हणाले, दोन मीटर कमी पडतात, शनिवारपर्यंत दोन मीटर दाखवा, नाहीतर स्पर्धा दुसऱ्या गावाला. आणि दुसऱ्या गावाला मुक्कामी मुलींना पाठवायला आमच्या संघातली निम्मी घरं तयार नव्हती. म्हणजे दोन मीटर मिळाले तर आम्ही खेळणार, नाहीतर घरी बसून मेथी निवडणार.

हे दोन मीटर कुणी गिळले ह्याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. पाच वर्षांपूर्वी नानांनी गिरणीला नवीन पत्र्याची शेड काढली होती. शिवाय नाना कुणाशी बोलत नसत, दिवसभर पिठानं पांढरे होऊन बसत, आणि अशा माणसाबद्दल काहीही खरं वाटतं. सगळ्यात जास्त खात्री आमच्या आप्पांना होती. आप्पा म्हणजे माझे वडील, गावातले एक नंबरचे गवंडी, आणि शाळा समितीचे अध्यक्ष. मोजणीचा अर्ज त्यांनीच केला होता. ग्रामसभेत उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, "ज्याचं बांधकाम मैदानाच्या हद्दीत निघंल, त्याचं मी सवता पाडून दीन. फुकट. दुसऱ्याला हात लावू देणार न्हाय." असं म्हणून ते नानांकडे बघत बसले होते. नाना उठून गेले होते. त्यांच्या बसल्या जागी पिठाचा गोल राहिला होता.

तर मी मॅडमच्या शेजारी उभी राहिले आणि काम सुरू झालं. मॅडम ज्येष्ठमधाची काडी चघळत माझ्या कानात फुसफुसायच्या आणि मी ते मैदानभर पसरवायची.

"डावीकडं एक मीटर."

"गेनूकाका, डावीकडं एक मीटर."

"काठी सरळ धरा म्हणावं."

"काठी सरळ धरा. आणि काका, शर्टाचं वरचं बटण लावा."

मॅडमनी वर बघितलं. "बटणाचं मी म्हणाले नव्हते."

"वाऱ्यानं काठी हलत असेल म्हटलं."

पंधरा मिनिटांत मला मुकादमगिरी चढली. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहू लागले. रंगाकाका खुंट्यांच्या ढिगावर बसून विडी काढायला लागले तर म्हटलं, "काका, कामावर बसायचं नाही." ते खरंच उठले. पन्नास वर्षांचा माणूस माझ्या एका हाकेवर उठतोय, हे बघून मी त्यांना उगाचच दोनदा बसवलं आणि उठवलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाई, गुडघं हायती माझं. तुमच्या ऑफिसात बदलून मिळत असतील तर सांगा."

जागा बरोबर जुळली की मॅडम "ओके" म्हणायच्या. आता 'ओके' हा काही लांब जाणारा शब्द नाही. पहिल्यांदा मी ओरडले तर गेनूकाका "हां?" म्हणून चार पावलं पुढंच आले. मग माझ्या तोंडातून आपोआप जे निघायचं तेच निघालं.

"खो."

हा शब्द ह्या मैदानावर कसाही कुठंही पोचतो. गेनूकाका जागच्या जागी थांबले, काठी उचलून बाजूला झाले, आणि रंगाकाकांनी जाऊन खुंटी ठोकली. पुढे तेच ठरलं. मशीनवर जागा जुळली की मी खो देणार, गेनूकाका उठणार, रंगाकाका बसणार. टाकीमागचा संघ आता उघड उघड पुढे येऊन बसला होता आणि प्रत्येक खोला टाळ्या देत होता. मॅडम आवाज न करता इतक्या हसत होत्या की त्यांना मशीनमधून दिसेना.

त्यांनी मला नकाशा दाखवला. मैदानाला चार कोपरे आणि चार कोपऱ्यांना पूर्वीच्या मोजणीत पुरलेले चार दगड. प्रत्येकाच्या डोक्यावर छिन्नीनं फुली मारलेली, तळहाताएवढी. झेंड्याच्या खांबाजवळचा दगड सगळ्यांना माहीत होता, आम्हीच त्याला दरवर्षी चुना लावायचो. बाकी तीन कुठं गेले ते कुणालाच माहीत नव्हतं.

"दगड सापडला की भांडण मिटतं," मॅडम फुसफुसल्या. "मशीनवर लोक विश्वास ठेवत नाहीत. दगडावर ठेवतात."

आप्पा सकाळपासून मैदानात होते. तीन वेळा सगळ्यांना चहा पाजून झाला होता. गिरणीच्या बाजूचा पहिला कोपरा मशीननं दाखवला तेव्हा रंगाकाकांनी कोंड्याच्या ढिगात पहार घातली आणि हातभर खाली खणकन वाजलं. दगड निघाला. फुलीसकट. गिरणीच्या शेडपासून चांगला वीतभर बाहेर, म्हणजे नानांच्याच हद्दीत थोडी जागा शिल्लक.

"हे एक टोक झालं," आप्पा म्हणाले. "दुसऱ्या टोकाला घुसलाय त्यो. शेड तिरकी हाय ती. गवंड्याची नजर हाय माझी." मग त्यांनी स्वतःच्या अंगाकडे बघितलं. "वैजे, निकाल लागायच्या आत मी आंघूळ करून येतो. पांढरा शर्ट घालतो. फोटू निघणार."

आणि ते घरी गेले.

दुसऱ्या टोकाचा दगड वीस मिनिटांत निघाला. गिरणीच्या मागे, शेवग्याच्या मुळात. शेड तिथंही वीतभर आत. नानांनी मैदानाची एक इंचही जागा घेतली नव्हती. उलट थोडी सोडली होती.

नाना गिरणीच्या दारात उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार. आप्पांचं नाव घेऊन चार शब्द तरी. त्यांनी फक्त भुवयांवरचं पीठ झाडलं आणि म्हणाले, "मग आता तिकडं बगा."

सगळ्यांनी तिकडं बघितलं. तिकडं आमचं घर होतं.

खरं सांगते, मला तेव्हाही काही वाटलं नाही. आमची न्हाणी माझ्या जन्माच्या आधीपासून तिथं होती. जी गोष्ट आपल्या जन्माच्या आधीपासून असते ती चुकीच्या जागी असेल असं कुणाला वाटतं? मी कंबरेवर हात ठेवून गेनूकाकांना पूर्वेला पिटाळलं.

"सरळ जा. अजून. त्या खांबाच्या पुढं."

खो-खोचा खांब मागे पडला. गेनूकाका चालत राहिले. न्हाणीच्या भिंतीशी पोचून थांबले आणि मागे वळून बघितलं. रंगाकाकाही खुंटी घेऊन पोचले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मॅडम मशीनला डोळा लावून होत्या. "अजून मागं," त्या फुसफुसल्या. "दोन मीटर दहा."

मी गप्प राहिले.

"दोन मीटर दहा," त्या पुन्हा म्हणाल्या. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

मला ऐकू आलं होतं. भिंतीच्या पलीकडे दोन मीटर दहावर काय आहे तेही मला दिसत होतं. तिथं आमचा कपडे धुवायचा दगड आहे. चौकोनी, काळा, कधीच न हलणारा. त्याच्यावर बसून मी रोज आंघोळ करायची. त्याच्या डोक्यावर मधोमध दोन खाचा आहेत, एकमेकींना छेदणाऱ्या, तळहाताएवढ्या, आणि साबणाची वडी तिथं ठेवली की घसरत नाही. लहानपणी मी त्या खाचांतून पाण्याच्या होड्या सोडायची.

ती फुली होती.

आणि मग, कशाला लपवू, मला दुसरंही एक दिसलं. मॅडमना ओरडता येत नव्हतं. मैदानावर आवाज होता तो एकच, माझा. गेनूकाका भिंतीशी उभे होते. आत्ता मी नुसता "खो" म्हटलं असतं तर रंगाकाकांनी भिंतीलगत खुंटी ठोकली असती आणि आमची न्हाणी सुटली असती. आप्पा सुटले असते. मैदानाचे दोन मीटर गेले असते, स्पर्धा गेली असती, पण ग्रामसभेत उभं राहिलेल्या माझ्या आप्पांकडे बघून कुणी हसलं नसतं. एक अक्षर. जे मी दिवसातून शंभर वेळा देते.

मी गप्प आहे हे लोकांना ऐकू यायला लागलं. तनुजा उठून उभी राहिली. "वैजू, बरं वाटत नाही का?" घरातून आई बाहेर आली. "पोरीचा आवाज का येत न्हाय?" म्हणाली.

मॅडमनी मशीनवरून डोळा काढला. माझ्याकडे बघितलं, मग न्हाणीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुमचं घर आहे?"

मी हो म्हणून मान हलवली.

त्यांनी ज्येष्ठमधाची काडी दुसऱ्या गालात सरकवली. रागावल्या नाहीत. "हे बघ," त्या फुसफुसल्या, "आज तुझ्या तोंडातून माझा आवाज जातोय. तुझा तू संध्याकाळी वापर."

मी टाकीकडे बघितलं. तिथून नऊ जणी माझ्याकडे बघत होत्या, गुडघ्यांना नी-कॅप लावून, जणू आत्ताच खेळायचंय.

मी पोटात हवा भरली.

"गेनूकाका. मागं जा. दोन मीटर दहा."

"मागं भित हाय," गेनूकाका ओरडले.

"भिंतीला वळसा घाला. दार पलीकडून आहे."

गेनूकाका गेले. आमच्या न्हाणीला छप्पर नाही, नुसत्या पुरुषभर भिंती आणि पत्र्याचं दार. आम्हाला इथून दिसत होता तो फक्त भिंतीच्या वर फिरणारा गोल आरसा. तो दारापाशी जाऊन थांबला. पत्र्यावर टकटक झाली.

"कोन हाय?" आतून आप्पांचा आवाज.

"मोजणी," गेनूकाका म्हणाले.

"नानाचं निघालं का?"

गेनूकाकांनी भिंतीच्या कोपऱ्यावरून डोकं काढून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आप्पा, कडी काढा. आणि टॉवेल गुंडाळा."

"डोळ्यांत साबण गेलाय माझ्या."

"तो धुवा आधी. मग टॉवेल. मग कडी."

सगळं मैदान ऐकत होतं. आई पदरात तोंड घालून तुळशीपाशी खाली बसली. कडी वाजली. आरसा भिंतीवरून हळूहळू आत गेला, आणि त्याच्या खालून आप्पांचा बारीक झालेला आवाज आला, "अरं, हितं कशाला? हितं कशाला आलायसा?"

मॅडम मशीनला चिकटल्या होत्या. "वीस सेंटिमीटर डावीकडं."

"वीस सेंटिमीटर डावीकडं."

"हितं मालकांचा पाय हाय," गेनूकाका आतून म्हणाले.

"आप्पा, डावा पाय उचला."

"वैजे, मी तुजा बाप हाय."

"हो, पण उचला."

आरसा थोडा सरकला. मॅडमनी हात वर केला. "पाच पुढं. दोन. बास." त्या सरळ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे वळल्या. "दे."

खो-खोत एक नियम आहे, खो स्पष्ट द्यायचा. पुटपुटला तर फाऊल. मी डोळे मिटले आणि दिला.

"खो."

इतका मोठा मी तोवर कधीच दिला नव्हता. बाभळीखाली परत येऊन बसलेली शेळी पुन्हा गेली. रंगाकाका खुंटी घेऊन आत शिरले. ठक. ठक. मग थांबले.

"खुंटी जाईना," त्यांचा आवाज आला. "खाली धोंडा हाय."

"त्यो न्हाय निघायचा," आप्पा आतून म्हणाले. आता त्यांच्यातला गवंडी जागा झाला होता. "असा दगूड तुम्ही बगितला नसंल. पंदरा-सोळा वर्षं झाली. हिला लगीन करून आणली, ती म्हणाली धुणं धुवायला दगूड न्हाय. हुडकत होतो, तर ह्यो घावला, जमिनीत आयता बसवलेला. पहार लावली, हलंना. म्हटलं, दगूड न्हाय हलत तर न्हाय, न्हाणी हलती. मग दगडाभवती न्हाणी बांदली."

बोलता बोलता त्यांचा आवाज हळू होत गेला, आणि शेवटच्या शब्दाला अगदीच खाली गेला.

मॅडम मशीन सोडून पळत सुटल्या. मी त्यांच्यामागे, माझ्यामागे संघ, संघामागे गाव. न्हाणीच्या दारात गर्दी झाली. आत गेनूकाका काठी धरून, रंगाकाका हातोडा धरून, आणि आप्पा टॉवेल धरून उभे होते. अर्ध्या डोक्याला अजून फेस. मॅडम खाली बसल्या, एक तांब्या पाणी दगडावर ओतलं आणि ओढणीच्या टोकानं साबणाचा थर पुसला. फुली वर आली. स्वच्छ, जशी काल मारलेली. साबणानं जपली होती तिला.

"किती वर्षं झाली," आई म्हणाली, "मी ह्याच्यावर सरकारच्या डोक्यात धुणं आपटतेय."

कुणी हसलं नाही. सगळे आप्पांकडे बघत होते. आप्पा त्या फुलीकडे बघत होते. तेवढ्यात गर्दीतून नाना पुढे आले. दारात उभे राहिले, आत बघितलं.

"बाजीराव," ते म्हणाले, "डोक्याचा फेस तर काड. आंघूळ पुरी कर. पाडायचं मग बगू."

आप्पांनी वर बघितलं. "नाना, मी सभेत तुमच्याकडं बगून..."

"मी बगितलं हुतं तू बगितल्यालं." नानांनी खांद्यावरचं पिठाचं फडकं काढून आप्पांच्या हातात दिलं. "नवी बांदून हुईस्तोवर गिरणीमागं माजी मोरी हाय. तिकडं येत जावा सगळी. फकस्त सकाळी गिरणी चालू असताना आंगावर पीठ उडतं. आंघूळ करून आला काय, न करता काय, सारकंच दिसंल."

तिथं मात्र आप्पा हसले, आणि मग सगळं गावच हसत सुटलं.

आप्पांनी शब्द पाळला. दुपारी पांढरा शर्ट घालून ते पहार घेऊन उभे राहिले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फोटोही निघाला, पण भिंत पडतानाचा. शनिवारी खेळाचे सर टेप घेऊन आले तेव्हा पूर्वेच्या खांबापलीकडे आणखी पूर्ण दोन मीटर दहा मोकळे होते. स्पर्धा आमच्या गावात झाल्या. दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो, पण दात कुणाचाच पडला नाही.

मोजणीच्या दिवशी संध्याकाळी जाताना मॅडमनी मला उरलेली ज्येष्ठमधाची काडी दिली. "घसा सांभाळ," म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा आला होता. माझा पूर्ण गेला होता. दिवसभर गावाला पुरवून पुरवून संपला. रंगाकाकांनी जाता जाता मला नमस्कार केला, आणि मी बोलत नाही हे बघून मुद्दाम खुंट्यांच्या ढिगावर बसून एक विडी पुरी ओढली.

अंधार पडायला आला तेव्हा आम्ही तिघं विटांच्या ढिगापाशी उभे होतो. मधोमध तो दगड, आता उघड्यावर, आणि त्याच्यावर सवयीनं कुणीतरी ठेवलेली साबणाची वडी. आईनं ती उचलली.

"आता नवी न्हाणी कुठं घालायची?" ती म्हणाली.

आप्पांचं तोंड उजळलं. भिंत पाडल्यापासून पहिल्यांदाच. "ते मी बगून ठिवलंय. घराच्या पलीकडच्या अंगाला, चिंचेखाली एक दगूड हाय. चांगला चौकोनी. घट्ट बसलाय. मगाशी पाय मारून बगितला, हलला न्हाय."

मी तोंड उघडलं. नुसता वारा आला.

"काय म्हणतीस?" आप्पा म्हणाले.

मी पुन्हा प्रयत्न केला. दोघंही माझ्या जवळ सरकले. आई माझ्या तोंडाशी कान आणून वाकली. आणि जी गोष्ट तिनं मला जन्मात कधी म्हटली नव्हती ती म्हणाली, "जरा मोठ्यानं बोल गं, वैजू."

मी दोघांचे दंड धरले, त्यांना अजून खाली वाकवलं आणि फुसफुसले, "मी ठरवलंय. ह्यापुढं आपल्या घरात मोजल्याशिवाय एक वीट बसणार नाही. आणि मोजणार मी. शिकून, मशीन घेऊन, टोपी घालून. तोवर त्या चिंचेखालच्या दगडाला कुणी हात लावायचा नाही."